जुन्या स्टीरिओवर इंटरनेट रेडिओ सारखा थांबतो किंवा गुणगुणतो? बिघाड असा शोधा

जुना स्टीरिओ ॲम्प अजून ठणठणीत आहे, स्पीकर चांगले आहेत, पण रेडिओ मात्र आता इंटरनेटवरचा ऐकायचा आहे. जोडणीला फार काही लागत नाही. फोनमधून किंवा एखाद्या छोट्या स्ट्रीमरमधून (इंटरनेटवरचा आवाज वाजवणाऱ्या डबीतून) वायर काढायची आणि ॲम्पच्या मागे खोचायची. पहिल्या दिवशी सगळं सुरेख वाजतं. त्रास नंतर सुरू होतो. तासाभराने आवाज बंद पडतो. फोन चार्जिंगला लावला की घूंऽऽ अशी गुणगुण येते. डावा स्पीकर मधूनच गप्प होतो. काल लागलेलं स्टेशन आज लागत नाही. काहीतरी हलवलं की ठीक होतं आणि दोन दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अशा वेळी पहिला संशय जातो ॲम्पवर, कारण सगळ्यात जुनी वस्तू तीच असते. मग तो दुरुस्तीला जातो नाहीतर अडगळीत पडतो, आणि नवी सिस्टीम आणल्यावरही रेडिओ तसाच थांबत राहतो. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. ॲम्पकडे अगदी शेवटी वळावं, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या आधी तपासायच्या बऱ्याच गोष्टी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना पैसे पडत नाहीत.

सारखा परत येणारा बिघाड एका अर्थी सोयीचा असतो, कारण त्याचं वेळापत्रक असतं. म्हणून काहीही बदलण्याआधी एक कागद घ्या आणि आवाज कधी गेला, किती वेळ गेला, तेव्हा फोनची स्क्रीन चालू होती की बंद, कुठलं स्टेशन होतं, एवढं टिपून ठेवा. चार-पाच नोंदी झाल्या की निम्मं काम होतं.

आधी साखळीचे दोन तुकडे करा

स्टेशनच्या सर्व्हरपासून तुमच्या प्लेअरपर्यंत जे येतं तो डेटा असतो. प्लेअर म्हणजे फोन, टॅब, स्ट्रीमर, रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड, जे असेल ते. प्लेअरमधून बाहेर पडल्यावर तो विजेचा साधा सिग्नल होतो आणि वायर, सॉकेट, सिलेक्टर (कुठल्या सॉकेटचा आवाज घ्यायचा ते निवडायचा नॉब), ॲम्प असा प्रवास करत स्पीकरला पोचतो. या दोन तुकड्यांचे बिघाड वेगवेगळे ऐकू येतात. डेटाच्या तुकड्यात गडबड असेल तर आवाज तुटतो, अडखळतो, थांबतो किंवा सुरूच होत नाही. पण जेवढा येतो तेवढा स्वच्छ येतो. गुणगुण, खरखर, एकच बाजू वाजणं, आवाज बारीक किंवा फाटका येणं ही वायरीच्या तुकड्याची लक्षणं. वाय-फाय कितीही खराब असलं तरी त्यातून गुणगुण तयार होत नाही, आणि सैल पिनमुळे कधी ‘बफरिंग’ असं लिहून येत नाही.

खात्री करायची असेल तर एक चाचणी पुरते. फोनमध्ये दोन-तीन तासांची गाणी उतरवून घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि त्याच वायरीने, त्याच सॉकेटमधून, बिघाड यायला एरवी जितका वेळ लागतो तितका वेळ ती वाजवा. ब्लूटूथने जोडलं असेल तर एअरप्लेन मोडनंतर ब्लूटूथ पुन्हा चालू करा. सगळं नीट वाजलं तर दोष इंटरनेटकडच्या तुकड्यात. तरीही त्रास आला तर राउटर, ॲप, स्टेशन या सगळ्यांना मोकळं सोडा आणि वायरीकडे वळा.

आवाज मधेच थांबतो

सगळ्यात जास्त छळणारी तक्रार हीच, आणि हिची कारणंही सगळ्यात जास्त. त्यासाठी बफर म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं. प्लेअर येणारा डेटा थेट वाजवत नाही, आधी थोडा साठवतो आणि साठ्यातून वाजवतो. पाण्याच्या टाकीसारखंच हे. वरून धार येते, खालून नळ चालू असतो. धार क्षणभर तुटली तरी टाकीत पाणी आहे तोवर नळाला कळत नाही.

आता ही टाकी किती मोठी? समजा प्लेअरचा बफर ६४ किलोबाइटचा आहे. स्टेशन १२८ केबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटचं असेल तर (आठ बिटांचा एक बाइट) सेकंदाला १६ किलोबाइट खर्च होतात, म्हणजे साठा ४ सेकंदांचा. तेच स्टेशन ३२० केबीपीएसवर लावलं तर सेकंदाला ४० किलोबाइट लागतात आणि साठा फक्त १.६ सेकंद पुरतो. ६४ केबीपीएसवर मात्र तो ८ सेकंद टिकतो. त्याच घरात, त्याच वाय-फायवर एक स्टेशन तासन्‌तास वाजतं आणि दुसरं सारखं तुटतं, ते बरेचदा यामुळे. म्हणून पहिला उपाय म्हणजे ॲपमध्ये किंवा प्लेअरमध्ये बफर वाढवणं. व्हीएलसीमध्ये ‘नेटवर्क कॅशिंग’ नावाची सेटिंग मिलिसेकंदांत असते, ती ५००० ते १०००० करा. स्टेशन सुरू व्हायला थोडा उशीर लागेल, पण मधले खंड बरेच कमी होतील. अशी सेटिंगच नसेल तर त्याच स्टेशनचा कमी बिटरेटचा, म्हणजे कमी केबीपीएसचा प्रवाह लावून बघा. इंटरनेटचा वेग वाढवून घेण्याची गरज सहसा नसते. १२८ केबीपीएसचा रेडिओ तासाला जेमतेम ५८ एमबी खातो. इथे वेगापेक्षा सलगपणा महत्त्वाचा.

बफर वाढवूनही खंड पडत असतील तर नोंदींचा कागद पुढे घ्या.

फोनची स्क्रीन बंद झाल्यावर काही मिनिटांतच आवाज जातो? मग बॅटरी वाचवणारी व्यवस्था ॲपला झोपवते आहे. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपसाठी बॅटरीचं बंधन काढून ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, डेटा सेव्हर बंद करा. काही फोनमध्ये कंपनीची स्वतःची आणखी एक बॅटरी-व्यवस्था असते, तीही बघायला हवी. फोन सतत चार्जिंगवर असला तरी ही बंधनं काही फोनवर लागू राहतात, त्यामुळे ‘चार्जर तर लावलाय’ म्हणून हे कारण सोडून देऊ नका. काही ॲप बराच वेळ कुणी हात लावला नाही की ‘अजून ऐकताय का?’ विचारून आपण होऊन थांबतात. तुमचं ॲप तसं करत असेल तर रेडिओसाठी दुसरं ॲप वापरणंच बरं.

वेळ ठरलेली नाही, केव्हाही तुटतं, असं असेल तर वाय-फायची रेंज बघा. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. जुन्या ॲम्पची बॉडी जाड पत्र्याची असते आणि स्ट्रीमर नेमका त्याच्या मागे, भिंत आणि पत्रा यांच्या बेचक्यात टाकलेला असतो. वायरी दिसू नयेत म्हणून ठेवायला ती जागा छान, पण वाय-फायसाठी सगळ्यात वाईट. स्ट्रीमर हातभर लांब, मोकळ्यावर आणून ठेवा आणि फरक बघा. शक्य असेल तर राउटरपासून नेटवर्कची वायरच ओढा, तो कायमचा उपाय. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर असाल तर मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असताना तुटतं का तेही टिपा, कारण तो त्याच पट्ट्यात काम करतो. आणि फोन वाय-फायवरून रेडिओ घेतोय व ब्लूटूथवरून ॲम्पला पाठवतोय अशी रचना असेल, तर दोन्ही कामं त्याच २.४ च्या गर्दीत चालतात. फोन ५ गिगाहर्ट्झवर टाकला की ही ओढाताण संपते.

५ गिगाहर्ट्झचंही एक पथ्य आहे. ५२ पासून १४४ पर्यंतचे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली, खरी असो वा भासलेली, की राउटरला तो चॅनल सोडावाच लागतो. तशाच दुसऱ्या चॅनलवर गेला तर सुरू करण्याआधी निदान मिनिटभर तो नुसता ऐकत बसतो. एवढा वेळ कुठलाच छोटा बफर पुरत नाही. मिनिट-दीड मिनिट सगळं गप्प आणि मग आपोआप सुरू, असं होत असेल तर राउटरमध्ये चॅनल ३६ ते ४८ यांपैकी एक कायमचा निवडा.

रोज साधारण त्याच वेळी थांबत असेल तर राउटर संशयित. तो प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता ठराविक मुदतीसाठी देतो, आणि काही जुनी उपकरणं मुदत वाढवून घेताना अडखळतात. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटणाऱ्या) विभागात जाऊन प्लेअरसाठी एक पत्ता राखून ठेवा. राउटर रात्री स्वतःहून रीस्टार्ट होण्याची वेळ लावलेली नाही ना, तेही तिथेच बघून घ्या.

वीज जाऊन आली की रेडिओ लागत नाही, पण थोड्या वेळाने किंवा दुसऱ्यांदा चालू केल्यावर लागतो, ही तक्रार विशेषतः रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डांवर येते. यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये वीज नसताना वेळ सांभाळणारं घड्याळ नसतं. वीज आली की बोर्ड जुनी तारीख धरून बसतो. राउटरही त्याच वेळी सुरू होत असल्याने खरी वेळ मिळायला उशीर लागतो. तोवर सुरक्षित (एचटीटीपीएस) पत्त्यावरची स्टेशनं ‘प्रमाणपत्र चुकीचं’, म्हणजे सर्व्हरची ओळख पटत नाही, म्हणून नाकारली जातात, कारण त्या प्रमाणपत्रांची मुदत बोर्डाच्या तारखेशी जुळत नाही. रेडिओचा प्रोग्राम घड्याळ जुळल्यानंतरच सुरू होईल असं लावा, किंवा बोर्डाला घड्याळाचं छोटं मॉड्यूल बसवा. राउटरला बॅकअप देता आला तर फारच छान.

उरली ती सगळ्यात चकवणारी तक्रार. रेडिओ पाच-सहा तास निर्वेध वाजतो, मग एकदा अडखळतो, आणि पुन्हा पाच-सहा तास ठीक. नेटमध्ये दोष सापडत नाही, रेंज उत्तम. हा दोन घड्याळांमधला फरक असतो. स्टेशनचा एन्कोडर, म्हणजे आवाजाचा डेटा बनवणारं यंत्र, स्वतःच्या घड्याळाच्या क्रिस्टलवर चालतो आणि तुमचा प्लेअर त्याच्या क्रिस्टलवर. दोन्ही अगदी जुळणं अशक्य. प्लेअर दहा लाखांत पन्नास भागांनी वेगवान असेल, तर तो तासाला ०.१८ सेकंद जास्त वाजवतो. साठा एका सेकंदाचा असेल तर साडेपाच तासांत टाकी रिकामी. राउटर क्षणभर अडखळला तर सर्व्हर साचलेला डेटा पटकन पाठवून देतो आणि टाकी परत भरते. पण हा फरक असा भरून निघत नाही, कारण जे अजून स्टुडिओत बोललंच गेलं नाही ते सर्व्हर पाठवणार कुठून? यावर उपाय मोठा बफर. १० सेकंदांचा साठा असला तर हेच गणित ५५ तासांवर जातं. रोज एकदा रेडिओ बंद-चालू होतच असेल, तर मग ही तक्रार उद्भवतच नाही.

एकच स्टेशन थांबतं आणि बाकी सगळी नीट वाजतात? मग तुमच्याकडे काही शोधू नका. दोष त्यांच्या सर्व्हरचा.

स्टेशन लागतच नाही

इंटरनेट रेडिओ आतच बसवलेले रिसीव्हर आणि टेबल रेडिओ मधल्या काळात बरेच निघाले. यांची मेख अशी की स्टेशनांची यादी उपकरणात नसते. ती कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवरून येते. सर्व्हर बंद झाला की धडधाकट रेडिओ मुका होतो. रेसिव्हा ही यादी-सेवा २०२१ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर चालणारे अनेक मॉडेल एकदम अडचणीत आले. स्क्वीझबॉक्स या नेटवर्क प्लेअरची ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये संपली. ती उपकरणं मात्र वाचली, कारण त्यांचा सर्व्हर प्रोग्राम मुक्त आहे. तो आता लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने घरच्या कॉम्प्युटरवर चालवता येतो. व्हीट्यूनर या सेवेवर चालणाऱ्या रिसीव्हरांसाठी वायकास्ट नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो घरातल्या रास्पबेरी पायवर चालतो आणि रिसीव्हरला आपणच व्हीट्यूनर आहोत असं भासवतो. यात आपल्या हाताने स्टेशनं भरता येतात. थोडी खटपट आहे, पण रिसीव्हर चांगला असेल तर जरूर करण्यासारखी.

स्टेशनंही पत्ता आणि पद्धत बदलतात. बीबीसीने २०२३ मध्ये आपले शाउटकास्ट पद्धतीचे जुने प्रवाह बंद केले आणि एचएलएस व डॅश या नव्या पद्धती ठेवल्या. बऱ्याच जुन्या प्लेअरना या दोन्ही कळत नाहीत. ३० सप्टेंबर २०२१ ला आणखी एक घटना घडली. मोफत प्रमाणपत्रं देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर उभी होती, त्याची मुदत त्या दिवशी संपली. ज्या उपकरणांकडे नवं मूळ प्रमाणपत्र नव्हतं, त्यांच्यापैकी अनेकांना असंख्य सुरक्षित पत्ते एका रात्रीत परके झाले. तुमचा प्लेअर जुना असेल आणि अपडेट येणं थांबलं असेल, तर त्याच स्टेशनचा एचटीटीपीएस नसलेला, साधा एचटीटीपी पत्ता मिळतो का बघा. काही स्टेशनं दोन्ही ठेवतात.

पत्ता हाताने भरताना अजून एक अडचण येते. स्टेशनच्या वेबसाइटवर मिळणारी एम३यू किंवा पीएलएस फाइल ही मुळात साधी टेक्स्ट फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडली की आत खरा पत्ता दिसतो. फाइलचा पत्ता न घेणारे बरेच जुने प्लेअर तो आतला पत्ता दिला की लगेच वाजू लागतात. रेडिओ ब्राउझर नावाची लोकांनी मिळून चालवलेली स्टेशनांची खुली यादी आहे. बंद पडलेल्या स्टेशनचा नवा पत्ता शोधायला ती फार उपयोगी पडते.

स्टेशन लागतं, पण आवाज कोंडल्यासारखा, जाड पडद्याआडून आल्यासारखा वाटतो, याला तुमचे स्पीकर जबाबदार नसावेत. कमी बिटरेटची अनेक स्टेशनं एएसी प्लस ही आवाजाचा डेटा आटवायची पद्धत वापरतात. जुना प्लेअर त्यातला फक्त मूळ गाभा वाचतो. वरच्या पट्टीतले सूर ज्या जास्तीच्या माहितीवरून तयार करायचे, ती तो सोडून देतो. त्याच स्टेशनचा एमपी३ प्रवाह असेल तर तो लावा.

या सगळ्या कारणांमुळे मी आग्रहाने सांगतो, प्लेअर आणि ॲम्प वेगळेच ठेवा. प्लेअर पाच-सात वर्षांत कालबाह्य होणार हे धरून चाला. तो स्वस्तातला, सहज बदलता येण्यासारखा असू द्या. मागचा लाल-पांढऱ्या रंगाचा आरसीए सॉकेट चाळीस वर्षांपूर्वीचा असला तरी आजही चालतो आणि उद्याही चालेल.

वायर कुठे खोचली आहे?

ऑक्स, टेप इन, ट्यूनर, सीडी यांपैकी कुठलाही सॉकेट चालतो. फोनो मात्र चालत नाही. फोनोचा सॉकेट रेकॉर्ड प्लेअरच्या अतिशय क्षीण सिग्नलसाठी असतो. तो सिग्नल साधारण १०० पट वाढवला जातो, शिवाय खर्ज उचलून वरचे सूर दाबले जातात. फोन तिथे लावला तर आवाज फाटका, घुमणारा आणि भयंकर मोठा येतो. स्पीकरनाही ते बरं नाही.

काहीच आवाज येत नसेल तर पुढच्या बाजूचं ‘टेप मॉनिटर’ बटण बघा. ते दाबलेलं असेल तर ॲम्प सिलेक्टरकडे दुर्लक्ष करून टेपच्या सॉकेटमधून आवाज मागतो, आणि तिथे काही जोडलेलं नसतं. साफसफाईत हे बटण दाबलं जातं आणि मग ॲम्प गेला अशी समजूत होते.

आरसीएऐवजी पाच पिनांचा गोल डिन सॉकेट असेल तर त्याची तयार वायर घेताना जपा. ॲम्पला आवाज द्यायच्या पिना ३ आणि ५, ग्राउंड (सिग्नलची परतीची वाट) २. काही वायरींमध्ये १ आणि ४ जोडलेल्या असतात, त्या रेकॉर्डिंगसाठी. चुकीची वायर आली तर आवाज येतच नाही किंवा अगदी क्षीण येतो.

फोनला हेडफोनचं भोक नसेल आणि यूएसबी-सीचा अडॅप्टर चालत नसेल, तर तो मोडका असेलच असं नाही. काही अडॅप्टरमध्ये स्वतःची डॅक (डिजिटल डेटाचा ॲनालॉग आवाज करणारी) चिप असते, काहींमध्ये नुसती वायर. नुसत्या वायरीचा अडॅप्टर, यूएसबीतून थेट ॲनालॉग आवाज देणाऱ्या फोनवरच वाजतो. डॅक असलेला घ्या.

गुणगुण

प्लेअर आणि ॲम्प दोघांनाही वेगवेगळ्या वाटांनी ग्राउंड मिळालं की त्या वाटांचं एक कडं तयार होतं आणि त्यातून विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची, काही देशांत ६० ची, गुणगुण आवाजात मिसळते. हे कडं शोधायची रीत म्हणजे एकेक वायर काढत जाणं. आधी फोनचा चार्जर काढा. गुणगुण गेली? कडं त्याच वाटेने होतं. गेली नाही, तर ट्यूनर किंवा रिसीव्हरला लावलेली अँटेना किंवा केबल टीव्हीची वायर काढून बघा. ही वायर बाहेर कुठेतरी स्वतंत्र अर्थ केलेली असते, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यानंतर टीव्ही, कॉम्प्युटर, जे जे ॲम्पला जोडलंय ते.

वाट सापडली की ती तोडायची. चार्जरमुळे होत असेल तर दुसरा चार्जर लावून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर प्लेअर आणि ॲम्पच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. त्याच्या आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि ग्राउंड अलीकडेच राहतं. अगदी स्वस्त आयसोलेटर खर्ज थोडा खातो, हे लक्षात असू द्या. प्लेअरला ऑप्टिकल आउटपुट असेल तर ऑप्टिकल वायर आणि ॲम्पजवळ वेगळा डॅक हा त्याहून चांगला मार्ग, कारण काचेच्या किंवा प्लास्टिकच्या धाग्यातून वीज जातच नाही. ब्लूटूथ रिसीव्हरनेही कडं तुटतं. मात्र तो रिसीव्हर आणि ॲम्पला जोडलेलं दुसरं उपकरण एकाच यूएसबी चार्जरवर चालत असतील, तर किणकिण पुन्हा येते. त्याला वेगळा चार्जर द्या.

एक उपाय कधीही करू नका. ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकली की गुणगुण जाते, असं कुणीतरी हमखास सांगतं. जातेही. पण आत काही शॉर्ट झालं तर त्या पत्र्याच्या बॉडीत वीज उतरते आणि ती जायला तुमच्या हाताशिवाय वाट उरत नाही.

एक बाजू जाते, खरखर येते

ॲम्प बंद करा. मागच्या बाजूला आरसीएची लाल आणि पांढरी पिन एकमेकींच्या जागी लावा, परत चालू करा. आधी डावा स्पीकर गप्प होता आणि आता उजवा झाला, तर दोष वायरीत किंवा प्लेअरमध्ये. डावाच गप्प राहिला तर दोष ॲम्प, स्पीकरची वायर किंवा स्पीकर यांत. मग स्पीकरच्या वायरी तशाच अदलून बघा. दोन अदलाबदलींत जागा नक्की होते.

दोष ॲम्पकडे आला तरी लगेच घाबरू नका. सिलेक्टर आणि बटणांच्या आतल्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षांत काळपट थर चढतो. आवाज अगदी कमी ठेवून सिलेक्टर या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा, टेप मॉनिटरचं बटण तितक्याच वेळा दाबा-सोडा. गेलेली बाजू पुष्कळदा यानेच परत येते. काही दिवसांनी पुन्हा गेली तर पट्ट्यांवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्यायला हवा. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खरखर येते तेही त्याच मळाचं लक्षण. आपण करणार असाल तर प्लग काढून बराच वेळ जाऊ द्या, कारण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. सवय नसेल तर हे काम जाणकाराकडेच द्या.

गाण्यात वाद्यं ऐकू येतात पण गायकाचा आवाज नाहीसा, आणि बातम्या लावल्या तर जवळजवळ शांतता? ग्राउंड तुटलंय. पिन पुरती आत गेली नाही किंवा वायर आत तुटली की ॲम्पला डाव्या आणि उजव्या बाजूतला फक्त फरक मिळतो. मधोमध असलेला आवाज दोन्ही बाजूंना सारखाच असल्याने तो वजा होऊन जातो. फोनचं कव्हर जाड असलं की पिन अर्धा मिलिमीटर बाहेर राहते, तेवढंही पुरतं. कव्हर काढून पिन दाबून बसवा.

आवाज बारीक येतो

सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत सिग्नल देतो, फोन बहुधा १ व्होल्टच्या आतच. म्हणून नॉब थोडा जास्त फिरवावा लागणं स्वाभाविक आहे. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त ॲम्पवरून करा. उलटं केलं, म्हणजे फोन कमी आणि ॲम्प चढवलेला, तर वायरीत शिरलेली सगळी खरखरही त्याबरोबर मोठी होते. एका स्टेशनवर आवाज मोठा आणि दुसऱ्यावर लहान, हा बिघाड नव्हे. प्रत्येक स्टेशनची आवाज दाबून-फुगवून पाठवायची रीत वेगळी असते. वेळेचे ठोके घड्याळापेक्षा अर्धा मिनिट उशिरा पडतात, तेही तसंच. डेटा साठत-साठत येतो म्हणून उशीर होणारच.

बाहेरून आवाज द्यायला कुठलाच सॉकेट नसलेला जुना संच असेल आणि त्यात कॅसेट डेक असेल, तर कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर बरं काम देतो. फक्त एफएम असेल तर छोटा एफएम ट्रान्समीटर, तोही जिथे नियम परवानगी देतात तिथेच. आवाजाचा दर्जा यात सगळ्यात कमी.

हे सगळं करून झाल्यावरही गुणगुण राहिली, तर सगळ्या वायरी काढा आणि व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. आता नुसता ॲम्प आणि स्पीकर उरले. तरीही दोन्ही बाजूंनी सारखीच, नॉब फिरवल्याने न बदलणारी घरघर येत असेल, तर ॲम्पच्या पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर थकले असण्याची शक्यता मोठी. ही घरघर लाइनच्या दुप्पट पट्टीची, १०० हर्ट्झची असते आणि कड्याच्या गुणगुणीपेक्षा जरा कर्कश लागते. दुरुस्ती करणाऱ्याला नुसतं ‘आवाज येतो’ म्हणण्यापेक्षा ‘इनपुटला काहीही न लावता, व्हॉल्यूम शून्यावर, दोन्ही बाजूंनी घरघर’ असं सांगा आणि तुमच्या नोंदींचा कागदही सोबत द्या.